जुळीने दिलेला नकार

माझी पुढची पंधरा वर्षं हजार वेळा जगून झाली होती आणि त्यांपैकी तीनशे दहा वेळा मला मधुमेह झाला होता. डॉक्टर शहनाज मुजावरांनी हे मला मिरजेच्या त्यांच्या खोलीत अगदी सावकाश सांगितलं. हजार वेळा अर्थात मी जगले नव्हते, यंत्रातली माझी जुळी जगली होती. माझ्या वाट्याला नुसता निकाल आला होता.

निकालाचा अर्थ एवढाच, की माझ्या धाकट्या भावाला, धीरजला, मी किडनी देऊ शकत नव्हते.

अवयवदानाच्या समितीचा नियम दोनशेचा आहे, डॉक्टर म्हणाल्या. हजारात दोनशेच्या वर गेलं की परवानगी नाही. एका किडनीवर राहिलेल्या बाईला पुढे मधुमेह झाला, तर भावाला उठवून बहिणीला डायलिसिसच्या त्याच खुर्चीत बसवल्यासारखं होईल. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी मान हलवली, चेहरा पाडला, जिना उतरून तासगावच्या बसमध्ये खिडकीपाशी बसले आणि मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? इतकं हायसं वाटलं, की कवलापूर येईपर्यंत मी चक्क झोपले होते.

सहा महिने मी नीट झोपले नव्हते. ‘मी देते’ हे वाक्य मी सगळ्यांसमोर एका दमात बोलून गेले होते. धीरजची बायको स्नेहल हिला स्वतःलाच रक्तदाबाच्या गोळ्या, आई पंचाहत्तरीची, वडील गेलेले. राहिले कोण, तर मी, सारिका चौगुले, वय सत्तेचाळीस, तासगावच्या एका शीतगृहात बेदाणा प्रतवारीची मुकादम. बोलताना छाती भरून आली होती. तो उमाळा ओसरल्यावर राहिली ती नुसती भीती, आणि ती कुणाला दाखवायची सोय नव्हती.

जुळीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अजूनही पुष्कळांना ते ज्योतिष वाटतं. पूर्वी साखरेचा रिपोर्ट म्हणजे एक आकडा असायचा. उपाशीपोटी शंभरच्या आत असेल तर बरं, सव्वाशेच्या पुढे गेला तर आजार. मधल्या पट्ट्यात सापडलेल्याला लॅबवाला म्हणायचा, काठावर आहे, जपा. दुसरी तपासणी तीन महिन्यांची सरासरी सांगायची, अजूनही सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशींना किती साखर चिकटली आहे ते त्यात मोजतात. पाच पूर्णांक सातच्या खाली ठीक, साडेसहापासून पुढे आजार. माझा आकडा सहा पूर्णांक एक. म्हणजे मीही मधल्या पट्ट्यात.

अडचण अशी, की काठावरच्या दहा माणसांत कोण पलीकडे पडणार, कोण तिथेच बसून राहणार आणि कोण मागे फिरणार, हे त्या आकड्याला सांगता येत नसे. जुळीला बरंचसं येतं. दंडावर रुपयाएवढी पट्टी लावतात, ती चौदा दिवस दर पाच मिनिटांनी साखर मोजते. मोबाइल विचारत राहतो, जेवलात का, काय जेवलात, किती चाललात, किती झोपलात. त्यात वजन घालतात, यकृतावरची चरबी घालतात, बापाचा आजार घालतात. या सगळ्यातून यंत्रात तुमच्यासारखंच वागणारं आकड्यांचं एक शरीर उभं राहतं. मग त्याला पंधरा वर्षं पुढे हाकलायचं. एका खेपेला गुडघा दुखून चालणं बंद पडतं, एका खेपेला वजन उतरतं, एका खेपेला नुसतीच काळजी. अशा हजार खेपा. ही शक्यता आहे, भविष्य नव्हे, असं डॉक्टर मुजावर प्रत्येकाला बजावतात. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन भविष्यच सांगतात. आमच्याकडे आता स्थळ बघतानाही पत्रिकेच्या आधी जुळीचा आकडा मागतात.

धीरजच्या वेळी जुळी नव्हती. सत्ताविसाव्या वर्षी नोकरीसाठी तपासणी केली तेव्हा त्याची सरासरी सहा पूर्णांक दोन आली. आम्ही सगळ्यांनी तो कागद पाहिला आणि आनंदाने घडी घालून ठेवला, कारण आमच्या घरात पस्तीस गुण म्हणजे पास. काठावर आहे म्हणजे नाही, असा आईने निर्वाळा दिला. त्याने मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, दिवसभर बसून तांब्याची तार गुंडाळली, दोन वेळा गोड चहा घेऊन जेवण टाळलं आणि पुढची पाच वर्षं रक्त तपासलं नाही. तपासलं तेव्हा काठ केव्हाच मागे पडला होता. नंतर त्याने सगळं केलं, बोटाला टोचणं, इंजेक्शनं, पथ्य. पण त्यावर रक्तदाबही चढलेला आणि किडन्यांचं जे व्हायचं ते झालेलं. आता एकेचाळिसाव्या वर्षी तो मंगळवार, गुरुवार, शनिवार मिरजेला चार-चार तास खुर्चीत पडून असतो. पाणी कपाने मोजून पितो. परत आला की बोलायलाही त्राण नसतं.

तर अशा भावाला मी नकार दिला नव्हता, यंत्राने दिला होता. सगळ्यांनी ते समजून घेतलं. आई रडली, मग मलाच जपायला सांगू लागली. स्नेहलने फोनवर माझीच समजूत काढली. माझा नवरा प्रदीप किडनीच्या विषयावर कधी हो किंवा नाही बोलला नव्हता. त्या संध्याकाळी त्याने न सांगता कुकर लावला आणि शिट्या मोजत गुणगुणत बसला. त्यालाही हायसं वाटलं होतं, ते माझ्या लक्षात आलं.

चूक मला सापडली ती पुढच्या रविवारी. मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती म्हणून मी जुन्या गोष्टी काढून टाकत होते, त्यात जुळीचा रिपोर्ट उघडला. चौदा दिवसांच्या चौदा रेघा एकाखाली एक होत्या. पहिल्या चार आणि अगदी शेवटची अशा पाच साध्या, जेवणानंतर थोड्या वर, मग खाली. पाचव्या दिवसापासून मात्र दर सकाळी अकरा वाजता एक डोंगर, जवळजवळ दोनशेला टेकणारा, आणि दुपारी चारला त्याचा धाकटा भाऊ. असे नऊ दिवस. प्रत्येक डोंगराखाली तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘न जेवता वाढ’.

मी तारखा पाहिल्या. पाचव्या दिवशी घट बसले होते.

अकरा वाजता शीतगृहात आमची सुट्टी होते. नवरात्रात मी त्या वेळी डबाभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. चारला रताळी, नाहीतर बटाट्याचा कीस, वर मूठभर बेदाणा, कारण तो समोरच असतो आणि उपवासाला चालतो. धीरजला बरं वाटावं म्हणून अंबाबाईला बोलले होते, नऊ दिवस धरीन. आणि रोज तीनदा मोबाइल विचारायचा, ‘जेवलात का?’ मी रोज तीनदा स्वच्छ मनाने ‘नाही’ दाबलं होतं. घट उठेपर्यंत मी जेवलेच नव्हते. फराळ केला होता. उपवास धरलेल्या बाईने देवीसमोर दिवा लावायचा आणि यंत्राला सांगायचं की मी जेवले, हे माझ्या हातून झालंच नसतं. तसं काही करायचं असतं, हे डोक्यातही आलं नाही.

यंत्राने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. ही बाई काही खात नाही, तरी तिची साखर दोनशेला भिडते. म्हणजे तिचं यकृतच रक्तात साखर ओततंय, आतून बिघाड सुरू झालाय. त्याने त्याच्या परीने बरोबर गणित केलं होतं. तीनशे दहा हा माझा आकडा नव्हता. तो नऊ दिवस उपाशी राहून दोनशेला पोचणाऱ्या कुठल्यातरी बाईचा होता.

खरा आकडा किती, ते मला ठाऊक नव्हतं. दोनशेच्या आत असेल, बाहेरही असेल. पण पट्टी पुन्हा लावल्याशिवाय तो कळणार नव्हता आणि पुन्हा लावायला हवी हे अख्ख्या जगात फक्त मला माहीत होतं. मी रिपोर्ट बंद केला. मोबाइल उशीखाली ठेवला आणि भाजी आणायला गेले.

मग मी गप्प राहिले. आज सांगू, उद्या सांगू असंही नव्हतं, सांगायचंच नाही असं ठरवून गप्प राहिले. कामावर कॅमेरे बेदाणे निवडतात, मी फक्त त्यांच्या चुका बघते. काळपट दाणा हिरव्यात गेला की पट्टा थांबवायचा. दिवसभर दुसऱ्याच्या चुका पकडायच्या आणि स्वतःची पोटात ठेवायची, याची सवय इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. बायका विचारायच्या, आता भावाचं काय? मी म्हणायचे, किडनी मिळायच्या यादीत नाव आहे. यादीत पुष्कळांची नावं असतात, ते त्यांनाही कळायचं.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी धीरज दारात उभा राहिला. पायात बूट होते. आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं, तोंड उतरलेलं, सुया टोचायची डाव्या हाताची ती फुगलेली शीर बाहीतून दिसत होती.

“आक्का, चल की. फिरायला जाऊ,” तो म्हणाला.

मी म्हटलं, तुझं काय डोकं फिरलंय काय? तो म्हणाला, माझं नव्हे, तुझ्यासाठी आलोय. तीनशे दहा म्हणजे थोडं नाही. पण तू अजून काठावर आहेस. काठावरून मागे येता येतं, रोज अर्धा तास चाललीस, पाच-सहा किलो उतरवलंस तर आकडा निम्म्यावर येतो. त्याने कुठे कुठे वाचून काढलं होतं सगळं. मला कुणी असं ओढून नेलं नव्हतं, तो म्हणाला, तुला मी नेणार.

त्यानंतर डायलिसिस नसलेल्या दर दिवशी तो यायचा. कॉलेजच्या मैदानाला आम्ही फेऱ्या मारायचो. पहिल्या फेरीत तो बोलायचा, दुसरीत गप्प व्हायचा, तिसरीला बाकावर बसून मला हाताने पुढे जा म्हणायचा आणि माझ्या फेऱ्या मोजायचा. मला तहान लागली की पिशवीतून बाटली काढून द्यायचा, स्वतः मात्र एक घोट घेऊन झाकण लावायचा. मी चालत राहायचे. त्याच्या अंगात दिवसाला जेवढी ताकद उरते ती सगळी तो माझ्या खोट्या आजारावर खर्च करत होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तरी मी आणखी आठवडाभर तशीच चालले, हेही सांगून टाकते.

शेवटी एका शुक्रवारी तिसऱ्या फेरीनंतर मी बाकावर त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, तो आकडा चुकीचा आहे. नवरात्रात लावलेली पट्टी, खिचडी खात होते आणि नाही दाबत होते. सगळं सांगितलं, कधी कळलं तेही सांगितलं. वीस दिवस झाले होते.

धीरजने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मैदानात पोरी कबड्डीचा सराव करत होत्या.

“मला म्हाईत हाय,” तो म्हणाला.

मला वाटलं, तो मला सावरून घेतोय. पण रिपोर्ट मीच त्याला पाठवला होता, निकालाच्या दिवशी, बसमध्ये झोपण्याआधी. त्याने तो त्याच संध्याकाळी बघितला होता.

“नऊ वर्षं बोटाला टोचून घेतोय मी,” तो म्हणाला. “साबुदाण्याचा चढ मला कळत न्हाई व्हय? आणि नऊ दिवस मोजायला काय लागतंय.”

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? त्याने तुकड्यातुकड्याने सांगितलं. मी जेव्हा सगळ्यांसमोर देते म्हटलं, तेव्हा मी हातातली बांगडी कशी फिरवत होते ते त्याने बघितलं होतं. त्यानंतर सहा महिने मी त्याच्या घरी आले की त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. तो रिपोर्ट आल्यावर पहिल्यांदा बघितलं. “तुझी सुटका झाली तर होऊ दे म्हटलं,” तो म्हणाला. “मी कशाला मोडू?”

मला राग आला. त्याचा आला, माझा आला, त्या यंत्राचाही आला. मग इतके दिवस मला पळवत कशाला होतास, मी जवळजवळ ओरडलेच. फिरायला येऊन दमून मरायचंय का तुला?

“तीनशे दहा खोटं हाय, आक्का. सहा पूर्णांक एक खरं हाय,” तो म्हणाला. “तीन महिन्यांची साखर हाय ती. नऊ दिवसांच्या खिचडीनं तेवढी हालत न्हाई. माझं सहा पूर्णांक दोन हुतं.”

मी रडले, मैदानात सगळ्यांसमोर. त्याने उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि बाटली पुढे केली. परत जाताना मी म्हटलं, सोमवारी मिरजेला जाते, डॉक्टरांना सांगते. तो नको म्हणाला. मी म्हटलं, तुला विचारत नाही.

घरी प्रदीपला सांगितलं तेव्हा त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. मग त्याने एवढंच विचारलं, तुला द्यायची आहे का? सगळ्यांत सोपा प्रश्न आणि सहा महिन्यांत तो कुणीही विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

सोमवारी डॉक्टर मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं, रेघा पुन्हा उघडल्या, तारखा पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. चूक त्यांचीही होती, त्या म्हणाल्या. रमजानात त्या कुणालाच पट्टी लावू देत नाहीत, अख्ख्या विभागाला तशी सूचना आहे. नवरात्र सुचलं नाही. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांना, कुणी वाटीभर खाऊन नाही म्हणेल, असं वाटलंच नसेल.

मग त्यांनी दार लोटून घेतलं. पुन्हा पट्टी लावायच्या आधी एक बोलायचं आहे, त्या म्हणाल्या. या वेळी खाणं खरं नोंदवलं आणि मी अशीच चालत राहिले तर जुळीचा आकडा दोनशेच्या आत येण्याची चांगलीच शक्यता आहे. तेव्हा नाही म्हणणं फार अवघड जाईल. म्हणून आता विचारते. हे त्या प्रत्येक दात्याला एकटं गाठून विचारतात.

“तुमची इच्छा नसेल तर आत्ता सांगा,” त्या म्हणाल्या. “मी फाइलवर ‘वैद्यकीय कारणास्तव अयोग्य’ एवढंच लिहीन. कारण कुणाला सांगायला मी बांधील नाही. भावालाही नाही. तुमच्यावर बोल येणार नाही.”

त्या खरोखर दयेने बोलत होत्या. तीन शब्द, त्यांची सही, आणि मी कायमची मोकळी. यंत्राची चूकही मधे लागणार नव्हती. मला अजूनही भीती वाटत होती, पोटात, ऐन त्या जागी जिथून ते काढणार. मी दमलेही होते. घाबरून दमले होते, लपवून दमले होते, लोकांनी समजूत काढून काढून दमवलं होतं. गेल्या तीन आठवड्यांत माझ्याकडे कुणीही काही मागितलं नव्हतं, सगळे माझ्याशी गोड वागत होते, आणि इतकी वाईट झोप मला आधीच्या सहा महिन्यांतही लागली नव्हती. बसमधली ती एक डुलकी, तेवढीच काय ती शांत झोप.

“भीती वाटते, एवढं लिहून ठेवा,” मी म्हटलं. “पण ते दुसरं नको. त्या खोट्या कारणात मी तीन आठवडे राहून आलेय, डॉक्टर.”

त्यांनी काही लिहिलं नाही. खणातून नवी पट्टी काढली आणि मी दंडावरची बाही वर केली.